दुरुस्ती : मामाची वाईन गोड नव्हती

मामा, आधी चूक सांगते. रडणं नंतर.

दीड वर्षापूर्वी आपल्या याच चार पानी पत्रकात, पहिल्या पानावर, मी एक लेख लिहिला होता. त्यात तुझं नाव नव्हतं. पण आपल्या पंचक्रोशीत ज्याने तो वाचला त्याला तो कुणावर आहे ते कळलं. 'ज्याच्या बापाला हातभट्टीने नेलं, तो मुलगा आज मस्कतच्या हॉटेलात शेठलोकांच्या ग्लासात इटलीची गोड लाल दारू ओततो.' हे वाक्य मी चार वेळा खोडून लिहिलं, ठोका नीट बसेपर्यंत. 'गोड' हा शब्द त्या ठोक्यासाठीच घातला. तो खोटा होता.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि अजून ती चूक तशीच छापलेली आहे.

आपल्या घरात पत्रकं आधी आली, मी नंतर. आबा, तुमचे वडील, गेले तेव्हा आई एकवीस वर्षांची होती आणि तू पंधराचा. तिने दारूबंदीचं काम हातात घेतलं, पुढे हे पत्रक सुरू केलं, आणि मी त्याच्या घड्या घालत वाढले. बाकीच्या मुली 'कमळातला क' शिकल्या, मी 'दारूतला दा' शिकले. पत्रकं चिकटवायच्या खळीच्या वासाने मला अजून भूक लागते. आईचे दोन नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय छापायचं नाही. आणि चूक ज्या पानावर झाली, दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

तो लेख मी लिहिला आणि आईने तपासला. 'गोड' शब्दावर तिचीही पेन्सिल थांबली नाही. दोघींनीही आयुष्यात ती चाखलेली नव्हती.

पण 'गोड'पेक्षा मोठी चूक दुसरीच आहे. ती तुलाही मी कधी सांगितली नाही. लेखाच्या आधी, मी इथे मस्कतमध्ये ज्या शाळेत शिकवते तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाचं जेवण तुझ्या हॉटेलात होतं. तू मला आधीच बजावलं होतंस, "बायो, तिथे मामा म्हणून हाक मारू नको, मला हसू येईल." काळा कोट, केस चापून बसवलेले, हातात पांढऱ्या रुमालात धरलेली बाटली. मी तुला ओळखलंच नाही क्षणभर. शेजारच्या टेबलावर आपल्या देशातलाच कुणी मोठा व्यापारी बसला होता, एकटा, जेवण यायच्या आधीच डोळे लाल झालेला. त्याने रिकामा ग्लास तुझ्यापुढे सरकवला.

"सर, पास्ता आ रहा है," तू म्हणालास. "उसके साथ अच्छी लगेगी."

"अरे डाल ना. तेरे बाप की है क्या?"

मामा, मला वाटलं तू ओतशील. नोकरीतला माणूस ओततोच. तू बाटली बाजूच्या तिपाईवर ठेवलीस, लेबल त्याच्याकडे करून, आणि तसाच ताठ उभा राहिलास. त्याने मॅनेजरला बोलावलं, आवाज चढवला, तुझ्या अंगावर नॅपकिन फेकला. तू तो उचललास, घडी केलीस आणि म्हणालास, "खाना पहले, सर." दुसऱ्या दिवशी तुला लेखी समज मिळाली, नऊ वर्षांतली पहिली. शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आलास तेव्हा तू ते हसत सांगितलंस.

"का नाही ओतलीस?" मी विचारलं होतं.

"आबांना कुणी आधी जेव म्हटलं नाय गो."

"आबा जेवूनही प्यायले असते."

"असतील," तू म्हणालास. आणि तुझी ड्यूटीची वेळ झाली. हा वाद तिथेच राहिला. तो मी हरलेली नाही आणि तूही नाहीस.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि त्या लेखात यातलं एक अक्षर नाही. विसरले म्हणून नाही. ते लेखात बसत नव्हतं. मला दारू ओतणारा माणूस हवा होता, आणि मी पाहिला होता तो न ओतणारा. मी पाहिलेलं वगळलं आणि न चाखलेलं लिहिलं. पत्रक लिहिणाऱ्याने यापेक्षा वाईट काय करायचं असतं?

त्या शिमग्याला तू गावी जाणार होतास. रजा मंजूर झाली होती, पालखीसाठी नारळाचं तोरण सांगून ठेवलं होतंस. दारूबंदीच्या सभेत, सहाणेवर, जिथे पालखी बसते तिथेच तो लेख मोठ्याने वाचला गेला. टाळ्या पडल्या असं आईने मला फोनवर अभिमानाने सांगितलं, आणि मलाही अभिमान वाटला. तुझ्यापर्यंत तो कसा आला, ते मला नंतर इकबालभाईंनी सांगितलं. त्यांचं इथून दोन तासांवर, सहमला, किराणाचं दुकान. आपल्या खाडीपलीकडचे, गावी जाऊन आले की आईने दिलेली आमसुलं तुला पोचवायचे. आमसुलांची ती पुडी त्याच पत्रकात बांधलेली होती, लेख वरच्या बाजूला. आई उरलेल्या पत्रकांत सगळंच बांधते, हळकुंडंसुद्धा. तेव्हा तिने ते सवयीने केलं की मुद्दाम, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

तू तिकीट रद्द केलंस. त्या शिमग्याला गेला नाहीस आणि या वर्षीच्याही नाही.

पुडी मिळाल्याच्या पुढच्या शुक्रवारी, दुपारी, तू अल खौदला माझ्या खोलीवर आलास. मी भांडणाची तयारी केली होती, मुद्दे काढून ठेवले होते. तू चपला काढल्यास, सरळ स्वयंपाकघरात गेलास आणि पिशवीतून चार काचेचे ग्लास काढून टेबलावर मांडलेस.

"वाचला," तू म्हणालास. "चांगला लिहिलायस. तुझ्या आईचा, आक्काचाच हात आहे. आबांचं खरं आहे, माझं खरं आहे. एक चूक आहे."

मी खुर्ची ओढून बसले.

"चाखणं माझं काम, पण चाखून थुंकतो, गिळत नाय, ते लिहिलं नाहीस, ते राहू दे. विश्वास कोण ठेवणार? पण बायो, गोड कुठून आणलंस?"

"द्राक्षाची असते ना?"

"मग ताक काय गोड असतं, दुधाचं असतं म्हणून?"

मला हसू आलं असतं. मी येऊ दिलं नाही.

पहिल्या ग्लासात तू आमसुलाचं पाणी ओतलंस. साखर नाही, मीठ नाही. "समज, ही बार्बेरा. इटलीच्या वरच्या अंगाची. रंग बघ केवढा गडद. भीती वाटते. पण तोंडात नुसती आंबट, खणखणीत आंबट, जिभेला धरत नाय. तिकडच्या शेतकऱ्याची रोजच्या जेवणातली." दुसऱ्या ग्लासात तेच पाणी अर्धं आणि अर्धा गार कोरा चहा, चांगला उकळलेला. "ही कियांती. तुझ्या लेखातली, मी रोज ओततो ती. आधी आंबट, मागून तुरट. वासाला अर्धवट पिकलेलं करवंद आणि सुकलेला पाला. टोमॅटोच्या रश्शाशी हिचं जमतं. जेवणाशिवाय घेतलीस तर भांडते. तुझ्यासारखी."

मी हाताची घडी घालून बसले होते. तिसरा ग्लास फिका होता, विटकरी, नुसता चहाच, इतका उकळलेला की वासानेच तोंड वाकडं व्हावं. त्यात तू एका छोट्या बाटलीतून दोन थेंब टाकलेस. निझव्याच्या बाजारातलं, डोंगरातल्या गुलाबांचं, लाकडाच्या धुरावर काढलेलं गुलाबपाणी. "बारोलो," तू म्हणालास, आणि तुझा आवाज उगाच खाली आला. "रंगावरून वाटतं, बिचारी आहे. तोंडात घेतलीस की गाल आतून धरते. होडीला नवं डांबर लावलंय आणि कुणी त्यात गुलाब ठेवलाय, तसा वास. दहा-दहा वर्षं थांबावं लागतं, तेव्हा हिचा राग उतरतो."

चौथ्यात मनुका आणि खजूर भिजवलेलं पाणी, काळसर, त्यात चमचाभर कडू कॉफी. "ही आमारोने. द्राक्षं काढतात आणि तीन-चार महिने वाळवतात, मग दारू करतात. आपण आमसुलांसाठी रातांब्याची सालं वाळवून त्याच्याच रसाची पुटं देतो ना, ते बघून मला इटलीवाल्यांचं काही विशेष वाटलं नाय. नाकाला गोड लागते, शेवट कडू. जोर जास्त, म्हणून मी कुणाला अर्ध्या ग्लासावर देत नाय. आणि तीच द्राक्षं न वाळवता केली की वालपोलिचेल्ला. हलकी, ताजी, लगेच पिऊन टाकायची. एकाच घरातली दोन भावंडं."

"म्हणजे तू आणि आई," मी बोलून गेले.

"वाळलेली कोण ते तू ठरव."

मग तू ग्लास माझ्याकडे सरकवलेस. "इंग्रजीत तुरटला एक शब्द आहे, पण तो औषधाच्या दुकानातला. पाहुणे नुसते तोंड आक्रसतात, सांगता येत नाय त्यांना. आपल्याकडे आवळा खाल्लेलं पोर सांगेल. घे. शिव्या दे हवं तर, पण चव बरोबर लिही."

ते आमसुलाचं पाणी होतं, मामा. चहा होता. दारूचा एक थेंब त्या टेबलावर नव्हता. मी म्हणाले, "मला नको. तत्त्वाचा प्रश्न आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. तू चारही ग्लास एकेक करून मोरीत ओतलेस, विसळलेस, उपडे घातलेस. "इथेच राहू देत," म्हणालास आणि गेलास. त्यानंतरही तू येत राहिलास, दर दोन-तीन शुक्रवारी. बांगडे आणलेस, माझा नळ दुरुस्त केलास. ग्लासांचं कुणीच बोललं नाही. माफी मागायची राहून गेली असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. मला मागायचीच नव्हती तेव्हा. मला वाटायचं, वेळ आहे.

तू गेलास सकाळी. हॉटेलच्या थंड तळघरात, नव्या आलेल्या बाटल्यांची खोकी उघडताना. मला शाळेत फोन आला, पाचवीच्या वर्गात. इकबालभाई सहमहून दोन तासांत पोचले आणि पुढचे चार दिवस कागद, शिक्के, रांगा हे सगळं त्यांनीच केलं. तुझ्याबरोबर गावी जायची रजा मला मिळाली नाही. परीक्षा होत्या. विमानतळाच्या मालवाहू फाटकापाशी आम्ही दोघं उन्हात उभे होतो, तेव्हा मी त्यांना विचारलं, "इकबालभाई, तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं? त्याच्या धंद्याचं?"

"पोरी, मी त्येच्या हाटेलात कधी पाय ठेवला नाय," ते म्हणाले. "पन त्येच्या खोलीत जेवलो, बारा वर्सं. दोन्ही गोष्टी त्येला ठावक व्हत्या. तू त्येला एकच सांगितलीस."



तुझं सामान मी आवरलं. तुझी वही माझ्याकडे आहे. डाव्या पानावर हॉटेलच्या पुस्तकातले चवी-वासांचे इंग्रजी शब्द, उजव्या पानावर तुझे. 'लेदर : नव्या ढोलकीचं तोंड.' 'टोबॅको : आबांची चंची, रिकामी.' 'चेरी : शेवटी खाल्ली. करवंदापुढे काही नाही.' 'व्हायोलेट : माहीत नाही. विचारणे.' तू कुणाला विचारलंस की नाही, कळत नाही. त्या जागी काही लिहिलेलं नाही. आणि पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, 'आक्काला शब्द दिला आहे. घोट घशाखाली नाही.' तुझ्या हॉटेलातल्या लोकांनी मला तुझा स्टीलचा चंबूही आणून दिला. चव घेऊन सगळे तळघरातल्या भांड्यात थुंकायचे, तू स्वतःच्या चंबूत. त्यांना तो तुझा काही धार्मिक प्रकार वाटायचा. त्यांचं फार चुकत नव्हतं.

परवा आईचा फोन आला.

"तुझ्या सुधामामावर चार ओळी लिही. या अंकात घेते. 'मस्कत येथे नोकरीस होते', एवढं पुरे."

"काय नोकरी ते?"

"नोकरी."

"आई, मला दुरुस्ती लिहायची आहे. पहिल्या पानावर."

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. "मेलेल्या माणसाला दारूत बुडवू नकोस."

"जिवंतपणी आपण बुडवलं. तू आणि मी. सहाणेवर."

"लेख खरा होता."

"अर्धा होता."

"बायका काय म्हणतील? गेल्या महिन्यात दोन भट्ट्या बंद केल्यात त्यांनी, मार खाऊन. आता त्यांच्या हातात काय देऊ, इटलीची दारू कशी लागते त्याचं वर्णन?"

मामा, तिचं हेही खरं होतं. मी अजून दारूच्या विरोधात आहे, तू हसू नकोस. तुझ्या वहीने माझं मत बदललेलं नाही. हातभट्टी असो नाहीतर दहा वर्षं थांबून राग उतरलेली बारोलो, माझ्या आजोबांना कुठल्या बाटलीने नेलं हे मला चवीवरून ठरवायचं नाही. पण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याबद्दल खरं लिहायचं, हेही मी याच पत्रकात शिकले. हे मी आईला म्हणाले. कदाचित ओरडले.

मग ती म्हणाली, "नियम दोन आहेत. तपासल्याशिवाय मी छापत नाही. गोड नाही म्हणतेस. तू चाखलीस?"

"नाही."

"मग?"

मग मी तिला त्या शुक्रवारचं सांगितलं. चार ग्लासांचं. मी हात लावला नाही, तेही. या वेळी भांडं आपटलं नाही.

"त्या लेखातली कुठली?" तिने विचारलं.

"दुसरी. आमसुलं आणि चहा."

"उद्या दुपारी फोन कर. चहा गार व्हायला हवा ना?"

काल दुपारी मी तुझे उपडे घातलेले ग्लास सुलटे केले. त्यातला एकच घेतला. आमसुलं तुझ्या सामानात सापडलेल्या पुडीतली, तळाशी उरलेली. तिकडे आईने पडवीत फोन आवाज मोठा करून ठेवला होता. चहा चुलीवर केला होता, त्यामुळे तिच्या ग्लासात धूरही असणार. तुला तो आवडला असता. आम्ही दोघींनी एकदम घोट घेतला.

"आंबट," आई म्हणाली. मग थांबली. "आता धरतं. गालाला." मग, परीक्षेला बसल्यासारखी, "तुरट. लिही. आधी आंबट, मग तुरट. गोड कुठेच नाही."

"छापतेस?"

"पहिल्या पानावर. तो नॅपकिनचा प्रकारही लिही. तो तू मला कधी सांगितला नव्हतास." तिचा आवाज कोरडा होता, सभेत असतो तसा. "आणि हा सुधा असा घोट तोंडात घ्यायचा, आणि थुंकायचा?"

"हो. जवळजवळ रोज."

"किती वर्षं?"

"अकरा."

तिने आणखी एक घोट घेतला. ग्लास दातांना लागल्याचं मला ऐकू आलं. मला वाटलं, ती उठेल, पडवीच्या कडेला जाईल आणि माडाच्या आळ्यात थुंकेल. मी फोन कानाशी घट्ट धरून थांबले.

मामा, मला ऐकू आलं, तिने तो गिळला.